जुन्या जीपचं वायरिंग : काही हट्टी गैरसमज

हेडलाइट पिवळट पडली की बल्ब बदलायचा, तरी उजेड येईना तर बॅटरी, आणि शेवटी 'जुनी गाडी आहे, चालायचंच' म्हणून सोडून द्यायचं. जुनी महिंद्रा जीप बाळगणाऱ्या अनेकांचा हा ठरलेला क्रम. यातला बराच खर्च फुकट जातो.

'बॉडी लोखंडी आहे, म्हणजे अर्थ आहेच' हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. बल्बपर्यंत करंट वायरने जातो, परत मात्र बॉडी आणि चेसिसमधूनच येतो. जीपची बॉडी चेसिसवर रबरी पॅडवर बसवलेली, इंजिनही रबरी माउंटिंगवर. मधल्या अर्थच्या पट्ट्या गंजल्या, किंवा रंगकामात लगखाली रंगाचा थर राहिला, की परतीची वाट अडते. कोकणच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटरही मंद पेटू लागला, तर आधी त्या दिव्याचा अर्थ बघा. करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढत असतो. इंजिनची पट्टीच तुटलेली असेल तर सेल्फ मारताना करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो आणि केबल चक्क तापते!

तपासायला वायरमन लागत नाही. हेडलाइट चालू ठेवा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं हेडलाइटच्या अर्थला लावा. अर्धा व्होल्ट दिसला तरी जोड उघडून पॉलिश पेपरने घासायला हवा. व्होल्टेज 10 टक्के घटलं, तर हॅलोजनचा उजेड जवळपास 30 टक्के घटतो.

म्हणूनच '100 वॉटचे बल्ब टाका' हा सल्ला उलटा पडतो. असे दोन बल्ब मिळून 16 अँपिअरहून जास्त करंट ओढतात, तोही जुन्या स्विचमधून. वायर तापते, स्विच वितळतो. मूळ वॉटचेच बल्ब ठेवून रिले आणि जाड वायर टाकली तरी फरक डोळ्यांना दिसतो.

फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा बसवणं, किंवा चांदी गुंडाळणं, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. फ्यूज वायरला जळण्यापासून वाचवतो. शॉर्ट शोधायचा तर फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब जोडा आणि वायरिंग हलवत जा. बल्ब विझला किंवा एकदम मंदावला, की शॉर्ट तिथेच.

राहिली चार्जिंगची गोष्ट. 'इंजिन चालू आहे, म्हणजे चार्जिंग ठीक' हे मेकॅनिकल पंपाच्या डिझेल जीपला लागू नाही. एकदा सुरू झालं की ते इंजिन विजेशिवायही चालतं. आणि चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासण्याची जी पद्धत गॅरेजांत रूढ आहे, ती निव्वळ घातक : व्होल्टेज उसळतं आणि डायोड जातात. बंद गाडीत बॅटरीवर साधारण 12.6 आणि चालू गाडीत 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले, की झालं काम. इंजिन चालू असताना टर्मिनलला कोणालाही हात लावू देऊ नका.