पितृ जनुकसंचाची अधिजनुकीय पुनर्मांडणी

सस्तन प्राण्यांमध्ये फलनानंतर शुक्राणूकडून आलेल्या डीएनएवरील बहुतांश रासायनिक खुणा पुसल्या जातात व पुढे त्या नव्याने मांडल्या जातात. या प्रक्रियेस पितृ जनुकसंचाची अधिजनुकीय पुनर्मांडणी असे म्हणतात. तीत डीएनएचा मूळ क्रम बदलत नाही. कोणते जनुक कार्यरत राहावे हे ठरविण्यास मदत करणाऱ्या खुणा तेवढ्या बदलतात. शुक्राणू ही अतिविशेषित पेशी आहे. तिच्यातील जनुकसंचाला शरीरातील सर्व प्रकारच्या पेशी घडविता याव्यात, यासाठी ही पुनर्मांडणी महत्त्वाची असते. तिचा सर्वाधिक अभ्यास उंदरांमध्ये झाला आहे.

प्रोटामिनांची जागा हिस्टोनांकडे

शुक्राणूच्या केंद्रकात बहुतांश डीएनए प्रोटामिन या लहान प्रथिनांच्या साहाय्याने अत्यंत घट्ट बांधलेला असतो. मानवी शुक्राणूत सुमारे ५ ते १५ टक्केच हिस्टोन प्रथिने शिल्लक राहतात. फलनानंतर काही तासांतच प्रोटामिने दूर होतात आणि अंडपेशीत आधीपासून साठविलेली हिस्टोन प्रथिने त्यांची जागा घेतात. एच३.३ हा हिस्टोनचा प्रकार डीएनएवर बसविण्याचे काम हायरा हे प्रथिन करते.

मेथिल गटांचा ऱ्हास

डीएनएमधील सायटोसीन या घटकाला मेथिल गट जोडला जाणे म्हणजे मेथिलीकरण. शुक्राणूच्या डीएनएचे मेथिलीकरण अंडपेशीच्या डीएनएपेक्षा बरेच अधिक असते. तरीही युग्मनजाचे पहिले विभाजन होण्यापूर्वीच पितृ जनुकसंचातील मेथिलीकरण झपाट्याने घटते, असे २००० साली उंदरांवरील संशोधनात दिसून आले. मातृ जनुकसंचातील घट मात्र प्रामुख्याने पेशीविभाजनागणिक टप्प्याटप्प्याने होते.

अंडपेशीतील टेट३ हे विकर मेथिल गटाचे ऑक्सिडीभवन करते, हे २०११ साली स्पष्ट झाले. मात्र २०१६ मधील संशोधनानुसार पितृ डीएनएवरील मेथिल गटांची सुरुवातीची घट टेट३च्या क्रियेपूर्वीच होते. स्टेला हे प्रथिन मातृ डीएनएचे टेट३पासून रक्षण करते.

न पुसल्या जाणाऱ्या खुणा

काही खुणा या प्रक्रियेतून सुरक्षित राहतात. त्यांत जनुकीय मुद्रांकनाच्या खुणा प्रमुख आहेत. या खुणांमुळे काही जनुकांची माता व पिता यांच्यापैकी एकाकडूनच आलेली प्रत कार्यरत राहते. झेडएफपी५७ हे प्रथिन त्यांच्या रक्षणात साहाय्य करते. दोन्ही जनुकसंच पित्याचे किंवा दोन्ही मातेचे असलेले उंदरांचे भ्रूण पूर्ण वाढत नाहीत, हे १९८४ साली अझीम सुरानी व त्यांचे सहकारी, तसेच जेम्स मॅकग्राथ व दावोर सोल्टर यांनी स्वतंत्रपणे दाखविले. याचे कारण पुढे मुद्रांकनात आढळले. आयएपी या चल डीएनए घटकांवरील मेथिलीकरणही बऱ्याच अंशी टिकून राहते.

पुनर्स्थापना व वैद्यकीय महत्त्व

भ्रूण ब्लास्टोसिस्ट अवस्थेत असताना मेथिलीकरण नीचांकी असते. गर्भाशयात रोपण झाल्यानंतर डीएनएमटी३ए व डीएनएमटी३बी ही विकरे ते पुन्हा प्रस्थापित करतात.

मुद्रांकनातील बिघाडामुळे मानवात विकार उद्भवू शकतात. एच१९ व आयजीएफ२ या जनुकांचे नियंत्रण करणाऱ्या भागातील पितृ मेथिलीकरण नष्ट झाल्यास वाढ खुंटविणारा सिल्व्हर-रसेल संलक्षण होऊ शकतो. त्याच भागात मातृ प्रतीवर अवाजवी मेथिलीकरण झाल्यास अतिवाढीचा बेकविथ-विडेमान संलक्षण होऊ शकतो. या खुणांचे रक्षण भ्रूणाच्या पहिल्या काही दिवसांतही व्हावे लागते. याच काळात कृत्रिम गर्भधारणेतील भ्रूण शरीराबाहेर वाढविले जातात. त्यामुळे या प्रक्रियेच्या अभ्यासास वैद्यकीयदृष्ट्याही महत्त्व आहे.