झऱ्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

'डोंगरातले जुने, नामांकित हॉटेल विकणे आहे. सोबत औषधी पाण्याचा झरा.' अशा अर्थाच्या जाहिराती युरोप-अमेरिकेत अधूनमधून निघत असतात. शंभर-दीडशे वर्षांची इमारत, लाकडी सज्जे, भोवती जंगल आणि आवारात वाफाळणारं किंवा गंधकाचा वास येणारं पाणी. एके काळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं लोक अशा ठिकाणी महिना-महिना राहायला जात. पुढे गोळ्या-इंजेक्शनं आली, मोटारी आल्या. एका जागी महिनाभर बसून पाणी पिणारी माणसं कमी झाली आणि पुष्कळ हॉटेलं ओस पडली.

मी कवितेचा माणूस. असल्या जाहिरातीतली किंमत आणि खोल्यांची संख्या माझ्या ध्यानात राहत नाही. माझं मन अडतं ते 'सोबत' या शब्दापाशी. इमारत विकता येते, पलंग-खुर्च्या विकता येतात, जमीन विकता येते. पण झरा 'सोबत' देता येतो का?

हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. कोल्हापूरहून मलकापूर मागे टाकून आंबा घाट उतरलो, साखरपा-देवरुख करत संगमेश्वरच्या पुढे गेलो, की मुंबई-गोवा रस्त्यावर राजवाडी, तुरळ, आरवली ही गावं लागतात. तिन्ही ठिकाणी जमिनीतून गरम पाणी येतं. अणुस्कुरा घाटानं उतरलं तर राजापूरजवळ उन्हाळे आहे. दापोली तालुक्यात उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे, महाडजवळ सावित्रीच्या काठी सव, आणि वर ठाणे जिल्ह्यात तानसा नदीच्या काठावर वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या लांबीत, अठरा ठिकाणी मिळून साठेक झरे भूशास्त्रज्ञांनी नोंदवले आहेत. घाटावरही आहेत. चोपडा तालुक्यात उनपदेव आहे, किनवट तालुक्यात पैनगंगेकाठी उनकेश्वर आहे.

ही नावं एकदा मोठ्यानं म्हणून बघा. उन्हाळे, उन्हवरे, उन्हेरे, उनपदेव, उनकेश्वर. आपल्याकडे अजून घराघरात 'ऊन पाणी' म्हणतात ना, तेच हे ऊन. गावाला नाव देताना लोकांनी पाटलाचं किंवा इनामदाराचं नाव शोधलं नाही, पाण्यात हात घातला आणि गावाचं नाव ठेवलं.

आता हे पाणी ऊन होतं कसं? पुष्कळांना वाटतं, खाली ज्वालामुखी धुमसत असणार. तसं नाही. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हारसातूनच झाला हे खरं, पण त्याला साडेसहा कोटी वर्षं होऊन गेली. ती चूल केव्हाच विझली. मात्र जमिनीत खोल जावं तशी उष्णता वाढतच जाते, साधारणपणे दर किलोमीटरला पंचवीस ते तीस अंश. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून झिरपत खूप खोल उतरतं, तिथं तापतं, वाटेत खडकातले क्षार विरघळवून घेतं आणि एखादी मोठी भेग सापडली की वेगानं वर येतं. वर येताना किती निवतं आणि थंड पाण्यात किती मिसळतं, त्यावर त्याचं तापमान ठरतं. उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास, तुरळचं साठीच्या घरात, तर राजापूरजवळच्या उन्हाळ्याचं बेचाळीसच्या आगेमागे, म्हणजे अंघोळीला थेट घेता येईल असं.

राजापूरची प्रसिद्ध गंगा याच परिसरातली. तिची चौदा कुंडं आहेत. ती दर तीनेक वर्षांनी प्रकटते, काही आठवडे वाहते आणि पुन्हा गुप्त होते, अशी तिची ख्याती. अलीकडच्या वर्षांत तिचं वेळापत्रक बदललेलं दिसतं. जमिनीखालच्या पोकळीत पाणी एका पातळीपर्यंत साठलं की वाकड्या नळीतून यावं तसं ते एकदम बाहेर पडतं, असं तिचं स्पष्टीकरण दिलं जातं. भाविक त्याला गंगामाईचं येणं म्हणतात. दोघांचंही एका गोष्टीवर एकमत आहे. ती येते तेव्हाच येते, कुणाच्या बोलावण्यानं येत नाही.

या पाण्यात औषध किती? कोकणातल्या बहुतेक झऱ्यांत सोडियम, कॅल्शियम, क्लोराइड असे क्षार असतात, काही ठिकाणी गंधकाचा वास येतो. गरम पाण्यात बसल्यानं आखडलेले सांधे आणि स्नायू सैल होतात, दुखणं काही काळ हलकं होतं, हे डॉक्टरही मान्य करतात. काही त्वचारोगांत आराम पडतो. त्यापुढचे चमत्कार मात्र ज्यानं त्यानं आपल्या श्रद्धेवर ठेवावेत. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी विचारल्याशिवाय उतरू नये. सत्तर अंशांचं पाणी अंग भाजतं. शिवाय कोमट, साचलेल्या पाण्यात एक घातक अमीबा वाढू शकतो आणि नाकावाटे मेंदूत शिरू शकतो. इंग्लंडमधल्या बाथ या शहरात १९७८ साली एक मुलगी अशीच दगावली आणि तिथली स्नानं कित्येक वर्षं बंद राहिली. म्हणून डोकं बुडवू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये.

माझी अम्मा गुडघ्यांनी बेजार असायची. एका हिवाळ्यात तिला घेऊन मी एसटीनं घाट उतरलो होतो. कुंडाच्या पायऱ्यांवर शेतात राबणाऱ्या चार-पाच बायका पाय सोडून बसल्या होत्या. त्यातली एक सरकून म्हणाली, "मावशी, आधी हात लावून बघा हां पाण्याला." अम्मा बसली आणि अर्ध्या तासात त्यांच्यातलीच झाली. कुणी नाव विचारलं नाही, गाव तेवढं विचारलं. तिकीट नव्हतं, पावती नव्हती. गुडघे बरे झाले असं मी म्हणणार नाही, पण त्या रात्री ती न कण्हता झोपली. ज्याच्याकडे दुसरा कुठलाच इलाज परवडत नाही, त्याला हा एक इलाज फुकट आहे. पाणी विकण्याचा विषय निघाला की मला आठवतात त्या पायऱ्या.

युरोपात अशा पाण्याभोवती राजवाड्यांसारखी हॉटेलं उभी राहिली. बेल्जियममधल्या स्पा या गावाच्या नावावरूनच आज आपल्याकडेही 'स्पा'च्या पाट्या लागतात. अशा अकरा गावांचा युनेस्कोनं २०२१ साली जागतिक वारशात समावेश केला. आपल्याकडे मात्र झऱ्याभोवती कुंड बांधलं गेलं, शेजारी देऊळ आलं. वज्रेश्वरीचं मंदिर चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयानंतरचं, म्हणजे १७३९ नंतरचं. देवाचं पाणी म्हटल्यामुळे ते कुणाच्या खिशात गेलं नाही. पण देवाचं म्हणून सगळ्यांना मिळालंच असंही नाही. ज्या सवच्या झऱ्याचा उल्लेख केला, त्याच महाडचं चवदार तळं आठवा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यावर विशिष्ट लोकांचीच वहिवाट असल्याचा दावा कोर्टात गेला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात तो कायमचा फेटाळला गेला. पाण्याचा मालक कोण, हा प्रश्न या मातीत दहा वर्षं कोर्टात लढवला गेला आहे.

मग आज कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या विसाव्या कलमानुसार नद्या, ओढे, तलाव, साचलेलं आणि वाहतं पाणी, जे कुणा व्यक्तीच्या मालकीचं नाही, ते शासनाचं. दुसऱ्या बाजूला १८८२ चा सुविधाधिकार कायदा जमिनीच्या मालकाला आपल्या हद्दीत जमिनीखालचं पाणी घेण्याचा हक्क मान्य करतो. गुंता इथं आहे. कुंड गावाचं असलं, तरी शेजारचा प्लॉट खासगी असतो. त्या प्लॉटमध्ये कुणी खोल बोअर मारली आणि ती नेमक्या त्याच भेगेला लागली, तर झरा न विकताच विकला गेला. कुंडाला हात न लावता कुंड आटू शकतं.

१९९६ साली मनालीजवळच्या बियास नदीकाठच्या एका रिसॉर्टचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. रिसॉर्ट वाचवण्यासाठी नदीचा प्रवाह वळवण्याचा प्रयत्न झाला होता. न्यायालयानं जमिनीचा भाडेपट्टा रद्द केला आणि सांगितलं की नदी, जंगल, किनारा यांसारख्या गोष्टींचं सरकार हे विश्वस्त आहे. विश्वस्तानं जपायचं असतं, विकायचं नसतं.

खुद्द झऱ्याकडे पाहिलं तरी हेच पटतं. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात हॉट स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी झऱ्याच्या पाण्याचं वय काढलं. आज बाष्पाळत बाहेर येणारं पाणी सुमारे ४,४०० वर्षांपूर्वीच्या पावसाचं आहे! तो पाऊस कुणाच्या डोंगरावर पडला, कुणाच्या शेताखालून गेला, याचा हिशेब कोण ठेवणार? दारात झरा फुटला म्हणून तो त्या प्लॉटमध्ये जन्मला असं होत नाही.

याच गावानं एक शहाणपण दाखवलं आहे. १८३२ सालीच तिथल्या संसदेनं झरे आणि भोवतालची जमीन राखून ठेवली. आज ते राष्ट्रीय उद्यान आहे. झऱ्यांच्या रस्त्यावर आठ जुनी देखणी स्नानगृहं उभी आहेत. इमारती सरकारच्या, चालवायला भाडेपट्ट्यानं दिलेल्या. एक १९१२ पासून आजवर न थांबता चालू आहे, दुसऱ्या एकात हॉटेल निघालं आहे. आणि रस्त्यावर सार्वजनिक नळ आहेत. कुणीही कॅन घेऊन यावं आणि झऱ्याचं पाणी भरून न्यावं. श्रीमंत आत टॉवेल गुंडाळून पैसे देऊन बसतो, गरीब बाहेर फुकट पाणी भरतो, झरा एकच. उलट उदाहरण रुमानियातल्या बैले हर्कुलाने या डोंगरातल्या गावाचं. तिथली एकोणिसाव्या शतकातली शाही स्नानगृहं खासगीकरणानंतर मालकीच्या वादात सापडली आणि छपरं कोसळेपर्यंत पडून राहिली. शेवटी तरुण वास्तुशिल्पी स्वयंसेवक म्हणून टेकू द्यायला धावले.

याचा अर्थ आपलं सगळं छान चाललंय असा मुळीच नाही. फुकट म्हणून कुणाचंच नाही, अशी आपल्या पुष्कळ कुंडांची गत आहे. साबणाचा फेस, शाम्पूच्या पुड्या, कपडे बदलायला आडोसा नाही, बायकांसाठी वेगळी धड सोय सगळीकडे नाही. तेव्हा कुणी उद्योजक येऊन स्वच्छ खोल्या बांधत असेल, गावातल्या पोरांना काम देत असेल, तर मी त्याच्या वाटेत उभा राहणार नाही. त्यानं खोल्या विकाव्यात, जेवण विकावं, तेलमालीश विकावी. पण करार करताना ग्रामपंचायतीनं काही गोष्टी लिहून घ्याव्यात. कुंडाची आणि वाटेची नोंद गावाच्या दप्तरात आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात आहे ना, ते आधी तपासावं. कुंडाच्या परिसरात खोल बोअर नको. पाण्याची तपासणी दरवर्षी व्हावी आणि तिचा निकाल फळ्यावर लागावा. आणि एक कुंड, एक नळ, चार पायऱ्या कायमच्या खुल्या राहाव्यात.

विहीर विकत घेण्याची एक जुनी गोष्ट आमच्याकडे सांगतात. मदिनेत रूमा नावाची विहीर होती. मालक पाणी विकायचा, गरिबांचे हाल व्हायचे. हजरत उस्मान व्यापारी होते. त्यांनी मालकाकडून विहिरीचा अर्धा हिस्सा घेतला. एक दिवस मालकाचा, एक दिवस उस्मानांचा. उस्मानांच्या दिवशी पाणी फुकट. लोक त्या दिवशीच दोन दिवसांचं भरून ठेवू लागले आणि मालकाच्या दिवशी विहिरीवर कुणी फिरकेना. शेवटी त्यानं उरलेला हिस्साही विकून टाकला. उस्मानांनी अख्खी विहीर सगळ्यांसाठी वक्फ केली आणि इतरांसारखेच स्वतःही रांगेत पाणी भरू लागले. पाणी विकत घ्यायचंच असेल, तर ते असं घ्यावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)