हृदयाचा ठोका सावरणारी गोळी आणि रुग्णालयातील तीन दिवस

आज आपल्या समाजातील अनेक मुले-मुली शिक्षण व नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झालेली आहेत. त्यांचे वृद्ध आईवडील वर्षातून काही महिने त्यांच्याकडे राहावयास जातात आणि तेथेच एखाद्याला हृदयाचा विकार जडतो. अशा वेळी डॉक्टर डोफेटिलाइड ह्या औषधाचे नाव सुचवितात (टिकोसिन ह्या नावाने ते तेथे विकले जाते) आणि सांगतात की, हे सुरू करण्यासाठी तीन दिवस रुग्णालयात दाखल व्हावे लागेल. घरात लगेच प्रश्न उठतो : एका गोळीसाठी तीन दिवस भरती? मग ती गोळी आहे की विष? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सभासद बंधू-भगिनींना व विशेषतः विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना त्याचे उत्तर समजावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम विकार समजून घेऊ. निरोगी हृदय मिनिटास साधारण 60 ते 100 वेळा ठेका धरून चालते. एट्रियल फिब्रिलेशन ह्या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. त्यामुळे नाडी अनियमित होते, दम लागतो, छातीत धडधडते. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गाठ होते, आणि ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. (आपल्या देशात लहानपणी झालेल्या संधिज्वराने झडप आकसलेल्या तरुण माणसांतही हा विकार आढळतो.) येथे एक गोष्ट ठळकपणे नमूद करतो. ठेका सुधारणारी गोळी सुरू झाली म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध आपल्या मनाने बंद करावयाचे नसते. पक्षाघातापासून बचाव मुख्यतः त्याच औषधाने होतो.

आता औषधाचे कार्य. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते व पेशी पुढच्या ठोक्यास सज्ज होतात. डोफेटिलाइड ही पोटॅशियमची वाट काही अंशी अडविते. पेशींची विश्रांती लांबते, आणि थरथरीचे भरकटलेले विद्युत्प्रवाह त्या विश्रांतीवर आपटून विझतात. हाच औषधाचा गुण. दोषही नेमका ह्यातूनच निघतो. कार्डिओग्रामवर ही लांबण क्यूटी ह्या अंतराच्या रूपाने दिसते. ते अंतर प्रमाणाबाहेर वाढले, तर हृदयाच्या खालच्या कप्प्यांत टॉरसाद द प्वांत नावाची भयंकर वेगवान धडधड सुरू होऊ शकते. हे फ्रेंच नाव डॉक्टर देसर्तेन ह्यांनी 1966 साली दिले. ही धडधड आपोआप थांबली तर माणूस चक्कर येऊन पडतो व सावरतो. न थांबल्यास काही मिनिटांत प्राण जातो.

ठोका सुधारणारे औषधच ठोका बिघडविते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने फार मोठी किंमत देऊन शिकली आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना एन्केनाइड व फ्लेकेनाइड ही औषधे दिल्यास अकाली मृत्यू टळतील, असे पूर्वी मानले जाई. अमेरिकेत कास्ट नावाच्या अभ्यासात निम्म्या रुग्णांना ही औषधे व निम्म्यांना औषधविरहित गोळ्या दिल्या गेल्या. 1989 साली हा भाग मध्येच थांबवावा लागला. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार औषध घेणाऱ्यांत 63 व न घेणाऱ्यांत 26 मृत्यू झाले होते. कार्डिओग्राम सुधारला होता, माणसे मात्र दगावली होती! विद्यार्थ्यांनी हे उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवावे.

म्हणूनच डोफेटिलाइडची परीक्षा कडक झाली. डेन्मार्कमधील डायमंड अभ्यासात हृदय दुर्बल झालेल्या 1518 रुग्णांचा समावेश होता. 1999 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधाने मृत्यूचे प्रमाण वाढले नाही, घटलेही नाही. परंतु औषध घेणाऱ्या 762 जणांपैकी 25 जणांना वर सांगितलेली धडधड झाली, म्हणजे शंभरात तिघांहून किंचित अधिक. ह्या 25 पैकी 19 जणांना ती पहिल्या तीन दिवसांतच झाली. तीन दिवसांच्या अटीचे मूळ हे असे आकड्यांत आहे. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ह्या अटीसह औषधास मान्यता दिली. डॉक्टर व रुग्णालयांनी विशेष प्रशिक्षण घेण्याची अट 2016 साली काढून टाकण्यात आली. तीन दिवसांची देखरेख मात्र आजही कायम आहे.

ह्या तीन दिवसांत काय होते? छातीवर तारा लावून हृदयाची नोंद अखंड पाहिली जाते. गोळी दिवसातून दोनदा. प्रत्येक गोळीनंतर दोन-तीन तासांनी कार्डिओग्राम काढून क्यूटी मोजतात. पहिल्या गोळीनंतर ते अंतर 15 टक्क्यांहून अधिक वाढले किंवा साधारणपणे 500 मिलिसेकंदांच्या पुढे गेले, तर मात्रा कमी करतात. नंतरच्या गोळ्यांवर 500 ओलांडले तर औषधच बंद. धडधड सुरू झालीच तर मॅग्नेशियमचे इंजेक्शन व विजेचा शॉक उशाशी तयार असतो. घरी हे कोण करणार?

मात्रा ठरविण्यापूर्वी मूत्रपिंडाची ताकद मोजावी लागते, कारण औषधाचा मोठा भाग लघवीवाटे बाहेर पडतो. येथे एक हिशेब करून पाहू. वय 140 मधून वजा करावे, त्यास किलोमधील वजनाने गुणावे, आणि 72 गुणिले रक्तातील क्रिएटिनिन ह्या संख्येने भागावे. स्त्री असल्यास उत्तरास पुन्हा 0.85 ने गुणावे. क्रिएटिनिन 1.2 असलेला चाळीस वर्षांचा, 70 किलोंचा पुरुष घ्या : उत्तर 81 येते. तेच 1.2 क्रिएटिनिन असलेली पंचाहत्तर वर्षांची, 50 किलोंची आजी घ्या : उत्तर 32 च! उत्तर 60 च्या वर असल्यास 500 मायक्रोग्रॅम, 40 ते 60 असल्यास 250, आणि 20 ते 40 मध्ये 125. वीसच्या खाली औषध द्यावयाचेच नाही. म्हणजे प्रयोगशाळेचा आकडा एकच असूनही आजीला चौथा हिस्सा मात्रा पुरते. शिवाय स्त्रियांत ह्या धडधडीचा धोका मुळातच अधिक असतो.

सर्वांत जास्त काळजी आम्हांस वाटते ती तीन दिवसांनंतरची. आपल्याकडे मेडिकलवाल्याकडून विचारून गोळ्या घेण्याची सवय आहे, आणि आईवडील परत येताना औषधाची बाटलीही सोबत आणतात. जुलाबासाठी वा लघवीच्या जळजळीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या को-ट्रायमॉक्सॅझोलमधील ट्रायमेथोप्रिम, रक्तदाबाच्या अनेक जोडगोळ्यांतील हायड्रोक्लोरोथायझाइड, तसेच व्हेरापामिल व सिमेटिडिन, ही सर्व डोफेटिलाइडबरोबर निषिद्ध आहेत. उलटीसाठीचे डोम्पेरिडोन व काही प्रतिजैविके क्यूटी आणखी लांबवितात. जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम घटले तरीही धोका वाढतो.

मग हे औषध घ्यावे की नाही? आमच्या मते, ज्याचे हृदय दुर्बल आहे व ज्यास फ्लेकेनाइड चालत नाही, त्याच्यासाठी तीन दिवसांचा त्रास सार्थ ठरू शकतो. अमिओडॅरोन हे दुसरे औषध बहुधा भरती न होता सुरू करता येते, म्हणून ते निर्धोक वाटते. पण दीर्घकाळ घेतल्यास ते थायरॉइड, फुप्फुसे व यकृत ह्यांवर परिणाम करू शकते. त्याचा धोका हळूहळू येतो, एवढाच फरक. उलट ज्यास नाडीचा वेग आटोक्यात आणल्यावर काहीच त्रास राहत नाही, त्याने हा खटाटोप टाळण्याविषयी डॉक्टरांशी जरूर बोलावे. नळी घालून केल्या जाणाऱ्या ॲब्लेशनविषयीही विचारावे. जो रुग्ण दर तीन महिन्यांची मूत्रपिंडाची व कार्डिओग्रामची तपासणी करू शकणार नाही, त्याने हे औषध सुरू करू नये, असे आम्ही स्पष्टपणे म्हणू.

एखादी गोळी चुकल्यास पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत, नेहमीच्या वेळी एकच घ्यावी. आणि औषध बंद पडून पुन्हा सुरू करावयाचे झाल्यास घरच्या घरी न करता डॉक्टरांना कळवावे, कारण तेव्हाही पुन्हा तीन दिवस दाखल व्हावे लागते.