सावलीतला पारा

चैत्र-वैशाखात वर्तमानपत्रांतून रोज आकडे छापून येतात. चंद्रपूर ४५, नागपूर ४४, जळगाव ४३. हे आकडे कोठे मोजले जातात, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. हवामानखात्याचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या पेटीत टांगलेला असतो. पेटी जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंच, मोकळ्या जागेत उभी असते. वारा आत खेळतो, ऊन आत शिरत नाही. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण उन्हात धरलेला तापमापक हवेचे तापमान सांगत नाही, स्वतः किती तापला ते सांगतो. परंतु ह्याचा अर्थ असा की शासनाच्या दप्तरात नोंदला जाणारा उन्हाळा हा सावलीतला उन्हाळा असतो. डांबर ओतणारी बाई, वीटभट्टीवर विटा थापणारे कुटुंब, गटारातला गाळ उपसणारा कामगार, ह्यांच्या अंगाला जे लागते ते त्या पेटीत शिरतच नाही. त्यांच्यापुरता हा पारा खोटा नसला तरी अपुरा आहे.

‘ऊन सगळ्यांना सारखेच’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. ह्या वाक्यातला भाबडेपणा ओळखायचा तर आधी शरीराचा हिशेब समजून घ्यावा लागेल. कार्यकर्त्यांनी तो समजून घ्यावा असे मला फार वाटते. कारण मुकादम, ठेकेदार किंवा तहसीलदार ह्यांच्याशी बोलताना कळवळ्यापेक्षा हिशेब अधिक उपयोगी पडतो.

माणसाचे शरीर ही एक भट्टीच आहे. आतले तापमान ३७ अंशांच्या जवळपास टिकवायचे आणि कामातून निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकायची, हे तिचे अखंड चाललेले काम. खोदकाम, ओझी वाहणे अशा जड कामात तासाला तीनशे ते चारशे किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. बाहेरची हवा कातडीपेक्षा गार असेल तर ती आपोआप निघून जाते. हवा कातडीइतकी किंवा तिच्याहून तापलेली असेल तर एकच वाट उरते, ती म्हणजे घाम. एक लिटर घाम पुरता सुकला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे जड काम करणाऱ्याला स्वतःच्या कामाची उष्णता घालवण्यासाठीच तासाला अर्धा-पाऊण लिटर घाम गाळावा लागतो. डोक्यावरच्या उन्हाचा आणि तापलेल्या जमिनीचा हिशेब वेगळाच. आठ तासांचे पाणी किती झाले, हे वाचकांनीच मांडून पाहावे आणि मग कामावर ठेवलेल्या एका पिंपाकडे व त्याच्यासमोरच्या चाळीस माणसांकडे पाहावे.

पण घाम येणे आणि घाम सुकणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे आपल्या घरातला माठ उपयोगी पडतो. माठातले पाणी गार होते ते माठ पाझरतो आणि पाझरलेले पाणी सुकताना आतली उष्णता नेते म्हणून. विदर्भात मे महिन्यात माठातले पाणी दातांना लागते. तोच माठ मुंबईत नेला तर पाणी कोमटच राहते. मुंबईची हवा आधीच ओलावलेली असते, तिच्यात आणखी वाफ मावत नाही. वाळ्याचे पडदे आणि पाण्याचे कूलर नागपुरात चालतात आणि मुंबईत चालत नाहीत, त्याचे कारण हेच. आणि माणूस हाही एक पाझरणारा माठच आहे. दमट हवेत घाम अंगावरून ओघळतो, जमिनीवर पडतो. तो पडला म्हणजे वाया गेला. त्याने अंगातली उष्णता काढून नेली नाही, उलट पाणी आणि मीठ मात्र नेले.

हे मोजण्याची रीत सोपी आहे. दोन साधे तापमापक घ्यावेत, एकाच्या फुग्याला ओले सुती फडके गुंडाळावे, वारा घालावा. ओल्या फडक्याचा पारा जिथे स्थिरावतो, त्याच्याखाली घामाने आपले अंग गार होऊ शकत नाही. नागपुरात ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला पारा तेवीस-चोवीसच्या आसपास थांबतो. मुंबईत नुसते ३४ अंश असले आणि आर्द्रता ७० टक्के असली, तर तो २९ पर्यंत चढतो. ओला पारा ३५ झाला की सावलीत नुसता बसून राहिलेला निरोगी माणूसही फार तास तग धरू शकत नाही, असे २०१० साली शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवले होते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. दमट हवेत खरी मर्यादा त्याहून बरीच खाली, तीस-एकतीसच्या जवळ, असल्याचे त्यांतून दिसले. तीही हलक्या हालचालींची मर्यादा. पाटी उचलणाऱ्याची ह्याहून खाली असणार हे उघड आहे.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात सरकारी पुरस्कार सोहळ्याला आलेल्या लोकांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. त्या दिवशी जवळच्या केंद्रावरचा पारा ३८ च्या आसपास होता. किनारपट्टीचे ३८ म्हणजे चंद्रपूरचे ३८ नव्हे, हे तिथे कळले. पण ते मैदानात तासन्‌तास उघड्यावर बसलेल्यांच्या जिवावर कळले.

दमट उष्म्याचे हे ज्ञान आपल्याकडे नवे आहे असे समजू नये. मुंबईच्या कापडगिरण्यांत ते भिंतीवर टांगलेले होते. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून मालक विणकामाच्या खात्यात मुद्दाम ओलावा सोडत असत. सुताला मानवणारी हवा माणसाला मानवत नाही, हे इतके उघड होते की इंग्लंडमध्ये १८८९ सालीच गिरण्यांतल्या वाफेवर बंधन घालणारा कायदा करावा लागला. पुढे आपल्याकडेही ओल्या फडक्याचे तापमापक लावून नोंदी ठेवण्याचे नियम आले. ह्या खात्याचा दुसरा इतिहास आपल्या वाचकांना माहीतच आहे. तुटलेला धागा तोंडाच्या लाळेने ओला करून जोडावा लागे, म्हणून विणकामखात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. जास्त पगाराचे खाते बंद, आणि जी खाती खुली होती त्यांत पगार कमी. उष्मा दोन्हीकडे होताच. उष्म्याची वाटणी आणि पगाराची वाटणी एकाच हाताने होत होती, एवढे ह्यावरून ध्यानात घ्यावे.

आजही ही वाटणी जातीच्या जुन्या वाटांनीच चालते. सफाई, मातीकाम, वीटभट्टी, ऊसतोड ह्या कामांवर जाऊन आडनावे विचारली तर निराळे सर्वेक्षण करण्याची गरज उरत नाही. त्यातही मजुरी ठरवण्याची रीत उष्म्याइतकीच घातक आहे. वीट हजारावर, ऊस टनावर. दिवसावर मजुरी असेल तर अर्धा तास झाडाखाली बसल्याने मालकाचे नुकसान होते. नगावर असेल तर मजुराचेच होते. त्यामुळे त्याला कामाला जुंपायला मुकादमाचीही गरज पडत नाही. डोक्यावर उचल असली की तो स्वतःच स्वतःला हाकतो. मध्य अमेरिकेत निकाराग्वा, एल साल्वादोर ह्या देशांत ऊसतोड करणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, तेव्हा उन्हातले जड काम आणि वारंवार पाण्याविना राहणे ही त्यामागची मोठी कारणे असल्याचे पुढे आले. तिथे पाणी, विश्रांती आणि सावली ह्या तीन गोष्टींचा कार्यक्रम राबवावा लागला.

सफाई कामगाराविषयी एक गोष्ट विशेष सांगायला हवी. ‘हातमोजे, बूट देऊनही हे लोक घालत नाहीत’ ही तक्रार अधिकारी नेहमी करतात, आणि आपल्यातले काही शिकलेलेही तिला मान डोलावतात. रबराच्या आत घाम सुकत नाही. मे महिन्यात गमबूट, मोजे आणि जाड अंगरखा घालून काम करणे म्हणजे स्वतःभोवती मुंबईहून दमट हवा बांधून घेणे आहे. साधने दिली पण कामाची वेळ आणि विश्रांती बदलली नाही, तर कामगार एक मरण टाळण्यासाठी दुसरे पत्करतो. शिवाय उष्णतेने गटारातली घाण लवकर कुजते आणि विषारी वायू अधिक तयार होतो. माणसाला गटारात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंधन आलेले आहे. ते मोडले जाते, आणि उन्हाळ्यात मोडले जाते तेव्हा धोका दुप्पट होतो.

स्त्रियांचा प्रश्न ह्याहून अवघड आहे. कामावर आडोसा नसतो, म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. तहान मारण्याची ही सवय मुलगी कामावर जाऊ लागते त्या वयापासून लागते. लघवीची जळजळ, मूत्रमार्गाचे आजार, चक्कर ह्या तक्रारी ‘बाईमाणसाचे दुखणे’ म्हणून सोडून दिल्या जातात. संडासाशिवाय पाण्याची मागणी करणे म्हणजे अर्धीच मागणी करणे. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) ओझी घेऊन रत्नागिरीची वाट तुडवणाऱ्या बाया आहेत, मराठी ललित लेखनातल्या मोगऱ्याच्या आणि गुलमोहराच्या उन्हाळ्याशेजारी हा उन्हाळा ठेवून वाचावा. मी गुलमोहराच्या विरुद्ध नाही. त्याच्या सावलीत कोण बसते, एवढेच विचारतो.

तहानेचा विषय निघाला की आपली चळवळ आठवणे अपरिहार्य आहे. १९०१ च्या सुमारास, उन्हाळ्याच्या सुट्टीत, नऊ-दहा वर्षांचे भीमराव भावंडांबरोबर वडिलांकडे निघाले. मसूरच्या स्टेशनावर उतरून बैलगाडीने पुढचा प्रवास. बरोबर जेवणाचा डबा भरलेला होता, पण वाटेत पाणी कोणी देईना, म्हणून ते अन्न खाता आले नाही. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. वैद्यक सांगते की उष्म्यात पाणी हेच औषध. समाजव्यवस्थेने नेमके तेच औषध अडवून धरले होते. २० मार्च १९२७ ला महाडला जे घडले त्याचा अर्थ आपण हक्काच्या भाषेत लावतो आणि ते बरोबरच आहे, परंतु पाण्यावाचून देहाचे काय होते हेही त्या हक्काच्या पोटात आहे. गावोगावच्या पाणपोया पुण्याच्या नावाने चालत. तिथेही वरून ओंजळीत पाणी ओतण्याची रीत होतीच.

आता काय करता येईल ते बघू. पत्र्याचे घर दुपारी भट्टी होते आणि रात्रीही लवकर निवत नाही. रात्री देह निवला नाही तर दुसऱ्या दिवशीचा मजूर आधीच थकलेला असतो. पत्र्यावर पांढरा चुना किंवा पांढरा रंग दिला तर आतला ताप काही अंशांनी उतरतो. अहमदाबाद महापालिकेने २०१० च्या उष्ण लाटेनंतर, २०१३ साली, देशातली पहिली उष्णता कृती योजना केली आणि पुढे वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. आपल्या नगरपालिकेकडे हे मागायला हरकत नाही. पंख्याबद्दल एक सावधगिरी सांगतो. कोरड्या विदर्भात हवा चाळीसच्या पुढे गेली की नुसता पंखा अंगावर गरम वारा फेकतो. अंग आणि कपडे ओले ठेवूनच तो लावावा.

कामावर पहिली मागणी वेळेची हवी. पहाटे सुरू, अकराला बंद, उरले तर संध्याकाळी. आणि मजुरी पूर्ण. दुसरी नवख्यांची. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. परीक्षा आटोपून सुट्टीत कामाला जाणारा आपला विद्यार्थी पहिल्याच दिवशी जुन्या मजुराच्या बरोबरीने राबतो, आणि सर्वांत जास्त धोका त्यालाच असतो. त्याला पहिला आठवडा हलके काम द्यावे. फार घाम जात असेल तर नुसते पाणी पुरत नाही, मीठही जाते. ताक, आंबील, मीठ घातलेले लिंबूपाणी चालते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावे.

१४ एप्रिल ऐन उन्हात येतो. मिरवणूक दुपारी काढण्याचा हट्ट सोडावा, लेझीमच्या पोरांना दर वीस मिनिटांनी पाणी द्यावे, म्हाताऱ्या माणसांना सावलीत बसवावे. ह्यात उत्साहाला कमीपणा येत नाही.

कोणी बरळू लागले, झोकांड्या खाऊ लागले, अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजावा. ‘घाम येतोय म्हणजे ठीक आहे’ असे मानू नये. काम करता करता कोसळलेल्याला बहुधा घाम येतच असतो. आधी गार करणे, मग दवाखान्यात नेणे, हा क्रम लक्षात ठेवावा. सावलीत घेऊन, कपडे सैल करून, सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा. बर्फ मिळाला तर काखेत, मानेला, जांघेत ठेवावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. कांदा चोळण्यात वेळ दवडू नये. गाडी येईपर्यंत आणि गाडीतही पाणी ओतणे चालू ठेवावे.

शेवटी नोंदीविषयी. उष्माघाताने गेलेल्या मजुराच्या कागदावर पुष्कळदा ‘हृदयविकार’ लिहिले जाते, किंवा ‘आकस्मिक मृत्यू’. शवविच्छेदनात उष्माघाताची खात्रीची खूण सापडेलच असे नसते. निदान अवलंबून असते ते जिवंतपणीच्या तापमानावर आणि परिस्थितीवर. म्हणून दवाखान्यात नेताच अंगाचे तापमान मोजून केसपेपरावर लिहून घेण्याचा आग्रह धरावा. पंचनाम्यात कामाची जागा, किती वाजल्यापासून काम चालू होते, पाणी व सावली होती की नव्हती, मजुरी नगावर की दिवसावर, हे लिहवून घ्यावे. शाळेतल्या शिक्षकांनी दोन तापमापक आणि एक फडके एवढ्यावर विज्ञानाच्या तासाला रोजची नोंद सुरू करावी, दुपारी दोन वाजताची. एक नोंद शाळेच्या व्हरांड्यातली, आणि एक वस्तीतल्या पत्र्याखालची. दोन्हींखाली तारीख व मुलांच्या सह्या असाव्यात. वही मार्चपासून जूनपर्यंत चालवावी आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यावी.