ब्रह्मपुरीची पांढर

कोल्हापूरला येणारा पाहुणा अंबाबाईचं दर्शन घेतो, रंकाळ्यावर फिरतो, नवा राजवाडा आणि पन्हाळा पाहून परततो. या यादीत पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी टेकडी क्वचितच असते, आणि खरं तर यादीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. शिवाजी पुलाजवळचं हे टेकाड म्हणजे जुन्या गावाची पांढर आहे. राजाराम कॉलेजचे प्रा. के. जी. कुंदणगार यांनी इथे आधी खोदकाम केलं. पुढे १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी पद्धतशीर उत्खनन केलं. वरच्या थरांत बहामनी काळातली वस्ती लागली, खाली सातवाहनकाळातली विटांची घरं आणि नाणी. काशाच्या वस्तूंमध्ये माणसांना पाठीवर घेतलेला हत्ती होता, आणि ग्रीकांचा समुद्रदेव पॉसायडनही होता.

टेकडीवर आज पाहण्यासारखं काय आहे, असा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. पेरूतल्या कुस्को शहरात इंकांच्या सूर्यमंदिराच्या घडीव दगडी भिंती डोळ्यांसमोर उभ्या आहेत आणि त्यांच्यावरच स्पॅनिश लोकांनी बांधलेलं सांतो दोमिंगोचं चर्च. ब्रह्मपुरीवर असं दृश्य नाही. सगळीकडे घरं झाली आहेत. पण इथलं स्थळ दोन जागी विभागलेलं आहे, हे लक्षात घेतलं की अडचण उरत नाही. मातीतून निघालेला ठेवा सीपीआर रुग्णालयाजवळच्या टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात आहे. ही गॉथिक वळणाची इमारत मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार १८७० च्या दशकात उभी राहिली. आधी टेकडी आणि नंतर संग्रहालय, या क्रमाने एकाच दिवशी पाहिलं तर काचेआडच्या पॉसायडनच्या छोट्याशा मूर्तीला तिचं गाव परत मिळतं. त्या एका मूर्तीवरून कोल्हापूरला रोमन वसाहत ठरवू नये, हा इशारा मात्र मानलाच पाहिजे. ती एका हातातून दुसऱ्या हाती विकली जात इथवर आली असेल. पण तिच्यासोबत पाश्चात्त्य घडणीची इतर काशाची भांडीही सापडली आहेत. कोकणातल्या बंदरांकडे उतरणारे घाट जवळ आहेत. दूरदेशीचा माल घेण्याची ऐपत असलेलं हे सातवाहनांचं गाव होतं, एवढा निष्कर्ष पुराव्याला झेपतो, आणि तो लहान नाही.

ब्रह्मपुरीच्याच परिसरात ख्रिस्ती समाजाचं ‘पवित्र उपासना मंदिर’ आहे. वसाहतकाळातलं चर्च प्राचीन अवशेषांच्या सोबत कशाला पाहायचं, असा आक्षेप घेतला जातो. त्यामागे कुस्कोसारख्या जखमा असतात, म्हणून तो हलक्याने झटकू नये. इथला इतिहास मात्र वेगळा आहे. अमेरिकी मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हा इथे छत्रपतींचं संस्थान होतं आणि सातवाहनांची वस्ती जमिनीखाली होती. तिच्या भिंती पाडून चर्च उभं राहिलं नाही; त्या भिंती उजेडात आल्याच जवळपास शंभर वर्षांनी. मिशनवर धर्मांतराच्या हेतूवरून टीका करता येते, करावीही. तरी पिढ्यान्‌पिढ्या मराठीतच प्रार्थना करणाऱ्या कोल्हापूरकरांना परक्यांच्या खात्यात टाकणं पुराव्याला धरून नाही. ज्या पांढरीने सातवाहन आणि बहामनी दोघांचे थर सांभाळले, तिथे त्यांचाही थर आहे, आणि तो अजून नांदता आहे.