दुखणे लपवणे म्हणजे सब्र नव्हे

आमच्या अम्मींच्या पित्ताशयाचे ऑपरेशन दुर्बिणीने झाले. पोटावर फक्त चार छोटी छिद्रे होती, म्हणून फारसे दुखणार नाही असे आम्ही भावंडांनी धरून चाललो. रात्री नर्स दोनदा विचारून गेली. अम्मींनी दोन्ही वेळा "ठीक आहे" म्हटले. फजरच्या वेळी पाहिले, तर त्यांना कूससुद्धा बदलता येत नव्हती. "रात्रभर बोलला का नाहीत?" असे विचारल्यावर म्हणाल्या, "सब्र करायला नको का, बेटा?"

ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली. म्हणून पुढे खालांचे तेच ऑपरेशन ठरले, तेव्हा आम्ही आधीच भूलतज्ज्ञांना भेटलो. त्यांच्याकडून 'नर्व्ह ब्लॉक' ही गोष्ट समजली.

पोटाच्या भिंतीला संवेदना देणाऱ्या नसा पाठीच्या कण्यातून निघतात आणि स्नायूंच्या थरांमधून पुढे येतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर हे थर पाहत भूलतज्ज्ञ बारीक सुईने नेमक्या जागी बधिर करणारे औषध सोडतात. ते बहुधा बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन असते. पोटाच्या बाजूने दिल्यास त्याला 'टॅप ब्लॉक' म्हणतात. पाठीत, कण्याशेजारच्या स्नायूखाली दिल्यास तो 'इरेक्टर स्पायनी ब्लॉक'. ही दुसरी पद्धत 2016 मध्ये पुढे आली. परिणाम साधारण आठ ते बारा तास राहतो, कधी त्याहून जास्त.

पाठीतले इंजेक्शन म्हटल्यावर खाला घाबरल्या. पण ही सुई कण्याच्या आत जात नाही आणि पायही बधिर होत नाहीत. अनेकदा पेशंट पूर्ण भुलेत असतानाच ती दिली जाते.

फायदा काय? मॉर्फिनसारखी औषधे कमी लागतात. त्यामुळे उलट्या, गुंगी आणि बद्धकोष्ठताही कमी होते. दुखत नसले की माणूस खोल श्वास घेतो, खोकतो, लवकर चालू लागतो. छातीत कफ साठू नये आणि पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून हे गरजेचे असते.

अर्थात ब्लॉकने सगळेच दुखणे जात नाही. ऑपरेशनवेळी पोटात भरलेल्या वायूमुळे छाती-पोटामधला पडदा दुखावतो आणि ती कळ खांद्यात जाणवते. तिच्यावर ब्लॉकचा फारसा उपयोग नाही. पॅरासिटामॉलसारख्या गोळ्या वेळेवर घ्याव्याच लागतात. काही वेळा छिद्रांच्या जागी दिलेले बधिर करणारे इंजेक्शनही पुरते, म्हणून प्रत्येकाला ब्लॉक हवाच असे नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा औषध रक्तात उतरणे हे धोके क्वचित असतात, पण असतात.

म्हणून ऑपरेशनआधी विचारावे: दुखणे कमी करण्यासाठी काय करणार? ब्लॉकची गरज आहे का? त्याचा परिणाम उतरल्यावर कोणते औषध मिळेल? रक्त पातळ करणारी गोळी, औषधाची ॲलर्जी, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास न विसरता सांगावे. पेशंट बाई असेल तर हवा तेवढाच भाग उघडा ठेवावा, जवळ स्त्री परिचारिका असावी, हे मागायलाही संकोच करू नये.

आपल्या पैगंबरांनी (स.) आजारावर उपचार करण्याची शिकवण दिली आहे. उभे राहणे जमत नसेल त्याला बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाजची मुभा आहे. दीनने दिलेली ही सवलत आपण घेतो, मग वेदनेवरचे औषध मागताना लाज कशाला? ज्यावर इलाज नाही ते सोसणे हा सब्र. इलाज असताना गप्प राहण्याला सब्र म्हणू नये.

खालांनी त्या संध्याकाळी आधार घेऊन चार पावले टाकली आणि इशाची नमाज खुर्चीवर बसून इशाऱ्याने अदा केली. पहाटे ब्लॉक उतरला, दुखू लागले. या वेळी कोणी विचारायच्या आधी त्यांनी स्वतःच नर्सला बोलावणारी घंटी वाजवली. शेजारी बसलेल्या अम्मी ते पाहत होत्या.