दोनशेची रेषा

अंडाशयावरची गाठ साधी आहे की कर्करोगाची, याचा पक्का निर्वाळा ती काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच मिळतो. मात्र शस्त्रक्रिया कोणी, कोठे आणि किती मोठी करायची, हे त्याआधीच ठरवावे लागते. सुई घालून नमुना घेणे येथे सहसा टाळले जाते, कारण अंडाशयापुरती मर्यादित असलेली कर्करोगाची गाठ फुटली तर पेशी पोटात सांडण्याचा धोका असतो. म्हणून आधी अंदाज बांधणे भाग पडते, आणि तो शिस्तीने बांधावा लागतो.

इयन जेकब्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ब्रिटनमध्ये या अंदाजाला गुणाकाराचे रूप दिले. सोनोग्राफीत पाच गोष्टी पाहायच्या: गाठीत अनेक कप्पे, घन भाग, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी आणि इतरत्र पसरलेला रोग. यांपैकी एकही नसेल तर शून्य, एक असेल तर १, दोन किंवा अधिक असतील तर ३ गुण. पाळी चालू असेल तर १, कायमची गेली असेल तर ३. आणि या दोहोंना रक्तातील सीए-१२५ या प्रथिनाच्या आकड्याने गुणायचे. गुणाकार २०० च्या वर गेला तर रुग्णेला कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवावे, असा संकेत रूढ झाला.

या २०० मागचे खरे काम सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत चालते. गाठीच्या आतल्या भिंतीवर काही मिलिमीटरचा उंचवटा दिसला की अनुभवी डॉक्टर पुढे सरकत नाही. प्रोबने हलकेच दाब देऊन उंचवटा हलतो का ते पाहते, मग डॉपलर लावून त्यात रक्तप्रवाहाचा रंग उमटतो का ते तपासते, कारण साकळलेले रक्तही पडद्यावर हुबेहूब घन दिसते आणि दोहोंतला फरक घाईत कळत नाही. या काही मिनिटांचे मोल गुणाकारात दिसते. पाळी गेलेल्या स्त्रीचे सीए-१२५ जर ६६ असेल, गाठीत कप्पे असतील आणि तो उंचवटा घन ठरला, तर गुणाकार ५९४ येतो. तोच रक्ताची गुठळी समजला गेला तर १९८, म्हणजे २०० च्या आत. पाचांपैकी काहीच नोंदले गेले नाही, तर रक्ताचा आकडा कितीही मोठा असो, उत्तर शून्य. पुढे १९९६ साली नॉर्वेतील संशोधकांनी सुधारित सूत्रात शून्य गुण काढून टाकला.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. एंडोमेट्रिओसिस, गर्भारपण, एवढेच काय पाळीच्या दिवसांतही सीए-१२५ वाढू शकते. आणि आपल्याकडे पोटाच्या क्षयरोगात पोटात पाणी व वाढलेला आकडा असे दोन्ही एकत्र आढळल्याने, औषधांनी बरी होऊ शकणारी तरुण स्त्री २०० ओलांडते. मूळ अभ्यासात १४३ स्त्रिया होत्या आणि २०० या रेषेने कर्करोगाच्या सुमारे ८५ टक्के रुग्णा ओळखल्या. उरलेल्या रेषेखालीच राहिल्या, हे विसरून आकड्यावर विसंबणे घातक आहे.

सोनोग्राफीच्या अहवालात नुसते ‘कॉम्प्लेक्स सिस्ट’ एवढेच लिहिलेले असेल, तर रुग्णेने व तिच्या घरच्यांनी कप्पे, घन भाग, दुसरी बाजू, पाणी आणि प्रसार या पाचांची स्वतंत्र नोंद शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी निःसंकोच मागावी.